कॉन्वीचं चित्र कसं वाचावं

मंडळी, आज एकाच गावाबद्दल बोलायचं आहे. उत्तर वेल्समधलं कॉन्वी. जुन्या इंग्रजी चित्रांच्या नावांत ते ‘कॉनवे’ असं येतं, तेव्हा संग्रहालयांच्या यादीत दोन्ही नावांनी शोधा. पहिल्या एडवर्ड राजाने 1283 मध्ये इथे किल्ला आणि तटबंदीचं गाव एकदमच बांधायला घेतलं. किल्ल्याला आठ बुरूज, गावाच्या तटाला एकवीस. इतिहास इथेच सोडतो, कारण एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराला राजापेक्षा पडझड जास्त प्रिय होती.

आधी चित्रकार कुठे उभा होता ते ठरवा. आठांपैकी कॉन्वी नदीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या चारच बुरुजांच्या माथ्यावर टेहळणीचे छोटे मनोरे आहेत. तेव्हा मनोरेवाले बुरूज समोर आणि बाकीचे त्यांच्यामागे दिसले, तर चित्रकार नदीपलीकडे आहे. चार बुरूज ओळीने पसरलेले आणि मनोरेवाले उजवीकडे असतील, तर तो दक्षिणेला, गिफिन ओढ्याच्या बाजूला आहे. ही दुसरी जागा चित्रकारांची विशेष लाडकी, आणि त्याला कारण आहे एक मोडका बुरूज.

दक्षिणेच्या ओळीत नदीकडून मोजला तर दुसरा, तो भटारखान्याचा बुरूज. लोकांनी त्याच्या पायथ्याचा खडक दगडासाठी खणून नेला. पाया पोखरल्यावर दर्शनी बाजूचा खालचा भाग घसरून पडला आणि वरचा अर्धा तसाच अधांतरी लटकत राहिला. बांधकाम केवढं पक्कं असेल बघा! चित्रकारांना आयती पडझड मिळाली. 1865 मध्ये किल्ला नगराच्या ताब्यात आला आणि पुढच्या डागडुजीत हा बुरूज पुन्हा उभा राहिला.

आता पूल. 1826 पर्यंत नदी होडीनेच ओलांडावी लागे. त्या वर्षी टेलफर्ड या इंजिनिअरचा साखळदंडांचा झुलता पूल किल्ल्याच्या पायथ्याला येऊन भिडला. त्याच्या खांबांना किल्ल्यासारखेच बुरूज काढले होते, त्यामुळे घाईत पाहणारा त्यांना किल्ल्याचाच भाग समजतो. 1848 मध्ये स्टीफन्सन या इंजिनिअरचा लोखंडी नळीचा (गाडी नळीच्या आतून जाते असा) रेल्वेपूल शेजारी आला, आणि रूळ थेट त्या मोडक्या बुरुजाखालून गेले.

म्हणजे पूल पाहून सालं ठरवता येतील? अर्धवटच. साखळ्या दिसल्या तर चित्र 1826 च्या आधीचं असणं अवघड, एवढं खात्रीने म्हणा. पुलाचं काम चालू असतानाची चित्रं वेगळी. उलट बाजू मात्र लागू होत नाही. पूल दिसत नाही म्हणून चित्र जुनं, हा निष्कर्ष बहुतेक वेळा फसतो. एक तर चित्रकार नको ती वस्तू सरळ गाळत, आणि नळीचा पूल त्यांना देखणा वाटण्याचं काही कारण नव्हतं. दुसरं म्हणजे चित्रं जुन्या वह्यांवरून घरी बसून होत. टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या वेल्सच्या मोठ्या भटकंत्या 1790 च्या दशकातल्या. ‘पिक्चरेस्क व्ह्यूज इन इंग्लंड अँड वेल्स’ ही त्याची छापील मालिका 1827 ते 1838 मधली. तिच्यातल्या वेल्सच्या किल्ल्यांमागे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची रेखाटनं आहेत. अखंड बुरुजाचंही तसंच: तो दुरुस्तीनंतरचा असेल किंवा चित्रकारानेच कागदावर दुरुस्त केला असेल.

रंगांबाबत तर अधिकच सावध राहा. जुन्या जलरंगातलं कॉन्वीचं आकाश गुलाबी-तांबूस दिसलं की आपण लगेच ‘संध्याकाळ’ म्हणतो. ढगांचा करडा रंग त्या काळी पुष्कळदा नीळ आणि ‘इंडियन रेड’ मिसळून करत. इंडियन रेड हा लोहाचा रंग, गेरूच्या जातीचा. तो उजेडात टिकतो. नीळ टिकत नाही. ती उडाली की मिश्रणातला तांबडा तेवढा मागे उरतो, आणि दुपारच्या पावसाळी ढगाची संध्याकाळ होते. (इंग्लंडात येणारी नीळ तेव्हा मुख्यतः बंगालातली असे.) हिरव्या डोंगरांचंही असंच. निळा गेला की गवत वाळल्यासारखं तपकिरी होतं. संधी मिळाली तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढलेलं चित्र पाहा. कडेच्या झाकलेल्या पट्टीत उजेड पोचलेला नसतो, तिथे मूळचा निळसर करडा शाबूत सापडतो. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये जलरंग उजेडात कसे उडतात याचा पद्धतशीर अहवाल दिला, आणि आज संग्रहालयं जलरंगांवर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. अंधार फार आहे म्हणून तिथल्या माणसांवर चिडू नका.

शेवटी कागद. डेव्हिड कॉक्स या चित्रकाराने 1836 च्या सुमारास स्कॉटलंडचा जाड, खरबरीत, बांधाबांधीचा कागद वापरायला घेतला. त्याचं एक रीम, म्हणजे कागदांचा एक गठ्ठा, 280 पौंड वजनाचं होतं. पाणी तो झटकन पितो, त्यामुळे एकदा टाकलेला फटकारा मागे घेता येत नाही; कॉक्सच्या वादळी आकाशांचा जोर बराचसा यातून आलेला आहे. त्या कागदात काळपट ठिपके असत. आकाशात ते कसे चालतील, असं विचारल्यावर पंख काढले की त्यांचे पक्षी होतात, असं तो सांगे. तेव्हा त्याच्या आकाशातले पक्षी भिंगाखाली धरा. काहींच्या पोटात रंग नसतो, कागदाचाच तंतू असतो.