कीर्द आणि खतावणी
(नागपुरातील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

‘आपल्या वस्तीचे ऑनलाइन चर्चापीठ : सुरुवात आणि संचालन’ हा विषय आयोजकांनी सुचवला तेव्हा मी आधी नकारच दिला होता, कारण संगणक हा माझा प्रांत नव्हे. बँकेत ३३ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि त्यांतली पहिली काही वर्षे संगणक येण्यापूर्वीच्या जाडजूड खातेवह्यांमध्ये गेली. मात्र आमच्या लेआउटचे चर्चापीठ सांभाळताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो त्या खातेवह्यांचाच. म्हणून आज उभी राहिले आहे.

हिशेब लिहिणाऱ्यांना कीर्द आणि खतावणी यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात. एखाद्याचे किती देणे आहे हे नुसती कीर्द चाळूनही सांगता येते, पण तोवर धनको दारातून परत गेलेला असतो. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधला वस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप ही कीर्द आहे. चर्चापीठ ही खतावणी आहे, आणि खतावणी आपोआप होत नसते. कोणीतरी रोज बसून ती करावी लागते.

याची जाणीव मला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झाली. त्या रात्री काही तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, काहींनी भोगले आहे. आमचा लेआउट नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या कडेला आहे. आमच्या ग्रुपवर त्या रात्री तीन तासांत साडेतीनशेच्या वर संदेश आले. पुढे एका दुपारी मी ते सगळे पुन्हा वाचले आणि खरोखर कामाचे होते तेवढे वहीत उतरवले, तर ते अकरा भरले. बाकी जुने व्हिडिओ होते, जोडलेले हात होते आणि तलाव फुटल्याच्या ऐकीव बातम्या होत्या. ‘चौथ्या गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी बंद करवून घेतली आहे, आता पाण्यातून यायला हरकत नाही’ हा त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा संदेश दोन पन्नासला आला आणि तीन वाजेपर्यंत चाळीस संदेशांखाली गाडला गेला. त्यानंतरच्या आठवड्यात पंचनाम्याला कोणते कागद लागतात हा एकच प्रश्न बारा जणांनी विचारला आणि त्याला बारा वेळा, प्रत्येक वेळी थोडे वेगळे, उत्तर मिळाले.

पुढच्या जानेवारीत आम्ही चर्चापीठ सुरू केले. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव २००७ मध्ये आले, आणि तिथे पाककृतीपासून पानिपतापर्यंत कशावरही हिरिरीने वाद घालणारी मंडळी आपल्यातही बसलेली असतील. फरक इतकाच की, तिथे दूरदूरची माणसे भाषेच्या आणि आवडीच्या ओढीने जमतात, तर आमच्या तीनशे घरांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे एक नाला, एक जलवाहिनी आणि कचऱ्याची एक गाडी. आवडी जुळतीलच असे नाही. पुष्कळदा जुळत नाहीतच.

तांत्रिक भाग मी लवकर आवरते, कारण नवखी माणसे सर्वाधिक वेळ तिथेच घालवतात आणि त्याची तितकी गरज नसते. पीएचपीबीबी आणि डिस्कोर्स ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. लेआउटपुरत्या वापराला भाड्याचा लहानसा सर्व्हर पुरतो, आणि इंजिनीअरिंगला शिकणारा कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी ते एका रविवारी बसवून देते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या खात्यावर नोंदवले आहे, त्याची मुदत कधी संपते आणि बॅकअप सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी उतरतो की नाही, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात.

माझी पहिली चूक उत्साहाची होती. मी पहिल्याच दिवशी सतरा विभाग उघडले. आरोग्य, शिक्षण, ज्येष्ठ नागरिक, बालविश्व, कविता, पर्यटन अशी सुरेख पाट्या लावलेली सतरा दालने होती आणि आत कोणीच नव्हते. रिकाम्या दालनात पहिले बोलायला माणूस संकोचतो. दोन महिन्यांनी मी चौदा विभाग बंद केले आणि तीन ठेवले : ‘नळ आणि वीज’, ‘कचरा आणि नाला’ आणि ‘हे काम कोण करतं?’. या तिसऱ्या विभागानेच आम्हाला तारले, आणि तेही एप्रिलमध्ये. नागपूरचा एप्रिल म्हणजे कूलर बाहेर काढण्याचा महिना. घास बदलून देणारा, पंप दुरुस्त करणारा, टाकीची गळती बुजवणारा माणूस प्रत्येकाला एकाच आठवड्यात हवा असतो. तिथे कोणी काम कसे केले, किती पैसे घेतले, सांगितलेल्या दिवशी आला की नाही, हे लोक मोकळेपणाने लिहू लागले. मात्र कारागिराचा फोन नंबर त्याला विचारल्याखेरीज टाकायचा नाही, हा नियम आम्ही तेव्हापासूनच पाळतो.

किती जण लिहितील याबद्दलही आधीच मन तयार ठेवावे. ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकच नेमाने लिहितो, असा ठोकताळा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. तीनशे घरांना तो लावला, तर नेमाने लिहिणारे तिघे उरतात, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. सुरुवातीचे तीन महिने त्या तिघांतल्या दोघी मी आणि माझी शेजारीण होतो. तिने प्रश्न विचारायचा आणि मी उत्तर द्यायचे, असे आम्ही ठरवून केले. त्यात मला काही खोटे वाटत नाही, कारण प्रश्न खरे होते. ते ती एरवी कुंपणावरून विचारायची, इथे लिहून विचारू लागली. जे नव्वद टक्के लिहीत नाहीत त्यांच्यावर रागावू नये. खतावणी लिहिणारा एकच असतो, बघायला मात्र सगळे येतात.

आता ज्या गोष्टीला मी सर्वाधिक वेळ देते तिच्याकडे वळते. सापडत नाही ती नोंद असून नसल्यासारखी, आणि मराठीत शोध हे मोठे दुखणे आहे. एकाच कार्यालयाला लोक महानगरपालिका, मनपा, कार्पोरेशन आणि एनएमसी असे चार प्रकारे लिहितात. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि कोणी हिंदीत. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि आमच्या लेआउटच्या बोलण्यातून ते अजून पुरते गेलेले नाही. या सगळ्यांहून चमत्कारिक प्रकार ‘कचऱ्याची गाडी’ या साध्या शब्दांचा. यातला ऱ्य संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरे असतात. गाडीच्या वेळापत्रकाची नोंद समोर असूनही ती शोधात येत नाही, अशी तक्रार एका गृहस्थांनी केली; मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या फोनवर टंकून पाहिले आणि चहा संपेपर्यंत आम्ही दोघेही चक्रावलेलो होतो. तेव्हापासून मी रोज सकाळी अर्धा तास बसते, आदल्या दिवशीच्या नोंदींची शीर्षके एकसारख्या शब्दांत नीट करते, एकाच विषयाचे दोन धागे, म्हणजे प्रश्न आणि त्याखालच्या उत्तरांच्या माळा, असतील तर जोडते आणि प्रत्येक धाग्याला ठरलेल्या यादीतली खूणशब्दांची चिठ्ठी लावते. ‘मदत हवी’ या शीर्षकाचे ‘चौथी गल्ली : नळाला गढूळ पाणी’ होते. लेखकाच्या मजकुराला मी हात लावत नाही, शीर्षक बदलल्याचे मात्र त्याला कळवते.

भांडणे होतातच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहराच्या एका मोहल्ल्यात २००० साली शेजाऱ्यांचा असा एक समूह सुरू झाला आणि २००६ पासून तो फ्रंट पोर्च फोरम या नावाने पसरत गेला. तिथे माणसे खऱ्या नावाने लिहितात, आलेला मजकूर छापण्याआधी कोणीतरी वाचते आणि शेजाऱ्यांचे निरोप साधारण दिवसाकाठी एकदा एकत्र पोचवले जातात. हा संथपणा मला फार शहाणपणाचा वाटला. आम्ही त्यातले दोन भाग उचलले. आमच्याकडे नाव आणि गल्ली क्रमांक दिल्याखेरीज लिहिता येत नाही, आणि नव्या सदस्याच्या पहिल्या तीन नोंदी मी पाहिल्यावरच दिसतात. शिवाय सगळ्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे. या शेवटच्या नियमावर पुष्कळ जण हसले, पण गाडी कोणी कोणाच्या फाटकासमोर लावली या वादात ‘तुम्ही’ म्हणून शिवी देणे कठीण जाते, हे दोन्ही पक्षांनी मान्य केले आहे.

कायद्याची भीती बाळगून अनेक जण संचालक व्हायला तयार नसतात. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानेच असा निर्णय दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याखेरीज, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर येत नाही. हा निकाल वाचून हुरळून मात्र जाऊ नये. ॲडमिनला सदस्य जोडता येतात आणि काढता येतात, मजकूर आधी अडवता येत नाही, हा त्यामागचा एक प्रमुख मुद्दा होता. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. चर्चापीठाच्या संचालकाच्या हाती तर याहून कितीतरी जास्त असते. तो अडवू शकतो, झाकू शकतो, पुसू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये ‘मध्यस्थ’, म्हणजे इतरांचा मजकूर नुसता ठेवणारा किंवा पोचवणारा, या नात्याने जे संरक्षण आहे, ते योग्य ती दक्षता घेणाऱ्यालाच मिळते, आणि २०२१ च्या नियमांनुसार वापराचे नियम जाहीर करणे व तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव देणे हा त्या दक्षतेचाच भाग आहे. आमच्या पहिल्या पानावर तळाशी माझे नाव आहे. ते तिथे आल्यापासून लोक भांडण घेऊन आधी माझ्या घरी येतात, याला तोटा म्हणायचे की फायदा, हे त्या दिवशी घरात काम किती आहे त्यावर ठरते.

कोणाची नोंद काढावी लागली, तर मी चारचौघांत कारण सांगत नाही; आधी खासगीत लिहिते आणि मोडलेल्या नियमाचा क्रमांक देते. धागा फार तापला तर त्याला एक दिवसाचे कुलूप लावते. बहुतेक राग एका रात्रीत उतरतो. निवडणुकीच्या काळात मात्र उतरत नाही, म्हणून प्रचाराचा मजकूर आम्ही मुळातच घेत नाही. पण माणसाला वर्षातून एकदा मनसोक्त टोमणे मारायला जागा हवी असते, आणि त्याची सोय या शहराने १८८० च्या दशकापासून करून ठेवलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिच्याबरोबर बडगे नावाचे टवाळीचे पुतळे निघतात, त्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या तक्रारींच्या पाट्या असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळी इडापिडा शहराबाहेर नेऊन जाळली जाते. आम्ही त्या आठवड्यात ‘बडगे’ नावाचा एक धागा उघडतो. त्यात कोणत्याही गोष्टीवर पाटी लिहिता येते, कोणाही रहिवाशावर मात्र नाही. आठवडा संपला की तो धागा पुसला जातो. आमच्या खतावणीत न ठेवली जाणारी ती एकमेव नोंद. गेल्या वर्षीच्या सर्वोत्तम पाटीत माझ्याच नियमावलीचा बडगा होता.

एक कबुली द्यायची राहिली. पहिल्या वर्षी माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि मी पंधरा दिवस पडद्याकडे पाहू शकले नाही. सगळे पासवर्ड माझ्याजवळच होते. परत येऊन पाहते तो परदेशी औषधांच्या आणि जुगाराच्या शेकडो जाहिरातींनी ‘नळ आणि वीज’ भरून गेले होते, आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या गल्लीतल्या एका आजींचा, तीन दिवसांपासून पाणी नाही, असा प्रश्न अनुत्तरित पडला होता. मी त्यांची क्षमा मागायला गेले. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, पाणी तर आलं बाप्पा चौथ्या दिवशी, तुमचा डोळा कसा आहे?’’

त्याच आठवड्यात मी दुसरी संचालक नेमली. ती छत्तीस वर्षांची आहे, दिवसभर नोकरी करते आणि माझ्यापेक्षा कडक आहे. पासवर्ड आता बंद पाकिटात तिच्या घरी आहेत, आणि सकाळचा अर्धा तास एक आड एक दिवस तिच्याकडे असतो. तिने पहिल्याच दिवशी माझ्या एका नोंदीचे शीर्षक बदलले आणि तसे मला कळवले.