वर्षभर एकच तलाव

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली. स्वेटर, कानटोप्या पेटीतून बाहेर आल्या आणि घरोघरी रविवारचा प्रश्न पुन्हा सुरू झाला: मुलांना घेऊन जायचं कुठे? मागच्या रविवारी ते झालं, त्याआधी ते झालं, आता नवीन काय? मोबाइलवर शोधाशोध होते, कोणी लांबचं एखादं रिसॉर्ट सुचवतं, खर्चाचा हिशेब मांडला जातो आणि कितीतरी घरांत बेत तिथेच मोडतो. मला आज तुम्हांला वेगळंच सुचवायचं आहे. नवीन जागा शोधू नका. घराला जवळ पडेल असा एक तलाव निवडा आणि लेकरांना, आजी-आजोबांना घेऊन वर्षभर तिथेच जात राहा.

नागपुरात हे सहज जमतं. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर अशी किती नावं घ्यावी! आणि हे तलाव आपल्याला आयते मिळालेले नाहीत. बांध घालून, पाणी अडवून ते केलेले आहेत. गांधीसागर, ज्याला जुनी माणसं अजून शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात, तो गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. फुटाळा, म्हणजेच तेलंगखेडीचा तलाव, भोसल्यांचा. अंबाझरीही भोसल्यांच्या काळापासूनचा. पुढे इंग्रजी अमलात तो वाढवला गेला आणि शहराला त्याचं पाणी नळानं मिळू लागलं. तेही पुरेना, तेव्हा १९१२ साली गोरेवाड्याचा तलाव बांधला. म्हणजे आज आपण जिथे भुट्टा खायला जातो, फोटो काढायला जातो, ती आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची तहान भागवण्याची सोय होती. आता नागपूरचं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. हे मुलांना कुठे शिकवावं? तलावाच्या काठावर उभं राहून शिकवावं. तिथे त्यांचे प्रश्न आपोआप येतात. हे पाणी कुठून आलं? कुठे जातं? कोणी अडवलं?

अंबाझरीचंच बघा. तलावाला लागून वनविभागाचं जैवविविधता उद्यान आहे, ७०० हेक्टरहून मोठं. शहराच्या पोटात एवढं रान फार थोड्या शहरांना लाभलं असेल. सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतात, निदान त्यांची केका तरी ऐकू येते. आत झोके, घसरगुंड्या शोधू नका. तिथलं खेळणं म्हणजे पायवाट, गवत, मुंग्यांची रांग आणि वारूळ. पहिल्या खेपेला मूल कंटाळतं, “इथे काहीच नाही” म्हणतं. कंटाळू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तेच मूल तुमचा हात ओढून दाखवतं, मागच्या वेळी इथे पाणी होतं, आता चिखल आहे.

एकाच जागी जाण्याचा खरा फायदा हाच. श्रावण-भाद्रपदात तलाव काठोकाठ भरलेला असतो, हवेत ओला वास असतो. आत्ता, कार्तिक-मार्गशीर्षात, उत्तरेकडची बदकं उतरायला लागतात. खंड्या, पाणकावळे, वंचक, टिबुकली तर बाराही महिने आहेत. एखादी साधी दुर्बीण घरात असेल तर ती कपाटात ठेवू नका, मुलाच्या गळ्यात अडकवा. फाल्गुनात पळस पेटतो. वैशाखात पाणी मागे हटतं, काठाचा गाळ उघडा पडून त्याला भेगा जातात, आणि त्याच दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर बहावा पिवळाधम्मक होऊन लोंबत असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलानं हे एक चक्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की भूगोलाच्या पुस्तकातला ऋतूंचा धडा त्याला वेगळा पाठ करावा लागत नाही.

याच तलावाची आणखी एक आठवण आपण मुलांपासून लपवू नये. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत तुफान पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीनं पात्र सोडलं आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. माणसं गेली, संसार भिजले. ज्यांनी ती पहाट पाहिली ते अजून ढग दाटले की अस्वस्थ होतात. मुलांना घाबरवण्यासाठी हे सांगायचं नाही. सांगायचं ते यासाठी, की ज्या नदीच्या नावावर आपलं नागपूर उभं आहे, ती याच तलावातून पुढे महाराजबागेजवळून, शहराच्या मध्यातून वाहते. तिच्यात प्लास्टिक टाकलं, तिचं पात्र आवळलं, की पाणी वाट शोधत घरात येतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं, असं माझं मत आहे.

गोरेवाड्याचंही असंच. तिथून पिली नदी निघते. नाग आणि पिली पुढे शहराच्या पूर्वेला एकमेकींना मिळतात आणि पाणी कन्हानला जातं. मोठ्या मुलांना कागदावर या दोन नद्या काढायला सांगा आणि मग एका रविवारी अंबाझरी, दुसऱ्या रविवारी गोरेवाडा असं करा. दोनच ठिकाणं, पण दोघांची गोष्ट एक. गोरेवाड्याला २६ जानेवारी २०२१ला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान सुरू झालं. तिथल्या भारतीय सफारीत आपण बसमध्ये असतो आणि वाघ, बिबट्या, अस्वल मोकळ्या रानात असतात. पिंजऱ्यासमोर उभं राहून पाहण्याशी याची बरोबरी नाही. सोमवारी बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वेळ विचारून घ्या. दारातून परत फिरलेल्या लेकराची समजूत काढणं फार अवघड. महाराजबाग मात्र लहान मुलांना आणि आजोबांना जास्त सोयीची. भोसल्यांची बाग, आता कृषी महाविद्यालयाकडे आहे, शहराच्या अगदी मधोमध, आणि तिथल्या जुन्या झाडांची सावली दाट आहे.

नुसता तलाव नको असेल त्यांच्यासाठी दोन-तीन नावं पटकन सांगते. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. इंजिनांच्या वेडात असलेलं मूल तिथून लवकर हलत नाही. गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र, त्यातलं तारांगण, आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत हातानं चालवून बघायचे प्रयोग. आणि सीताबर्डीचा किल्ला, जो सामान्य लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी उघडतो. १८१७च्या लढाईची ही जागा आपल्या रोजच्या बाजाराच्या डोक्यावर आहे, आणि कितीतरी नागपूरकरांनी ती आतून पाहिलेली नाही.

आता घरातल्या मोठ्यांविषयी. सहकुटुंब म्हणायचं आणि आजीला “तू बस घरी, तुला चालवणार नाही” म्हणायचं, हे मला फार खुपतं. आजीला चालायचं नसतंच. तिला सावलीत, पाठ टेकेल अशा बाकावर बसून नातवंडं खेळताना बघायची असतात. तिला जवळ पाणी हवं आणि स्वच्छ, उघडं, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. आपल्या बागांमध्ये सगळ्यांत मोठी उणीव हीच आहे. कारंजी होतात, रोषणाई होते, सेल्फी पॉइंट होतात; स्वच्छतागृहाला मात्र कुलूप असतं. मधुमेहाचे आजोबा, गरोदर सून, तान्हं बाळ घेऊन आलेली आई, या सगळ्यांचं बाहेर पडणं त्या एका कुलपापाशी थांबतं. प्रभागातल्या सभेत, नगरसेवकाच्या दारात, अर्जात, जिथे संधी मिळेल तिथे हे मागा. एकदा मागून होत नाही, पुन्हा मागा.

गाडी नसेल तर अडून बसू नका. लोकमान्यनगरकडे जाणारी मेट्रो अंबाझरीच्या कडेनं जाते. खिडकीतून तलाव दिसला की डब्यातली सगळी मुलं एकाच बाजूला धावतात. तो प्रवासही सहलीतच धरा.

आणि पाण्याकाठी एक नियम कडक पाळा. पाण्यात उतरायचं नाही. तलावाचा काठ सपाट दिसतो, पण आत गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या मुलाचा हात धरायला कोणीतरी मोठं माणूस जवळ असलंच पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको.

हे दिवस कार्तिकाचे आहेत, म्हणून आवळीभोजनाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी सहलीची सोय धर्मातच करून ठेवली होती. आवळा नवमीपासून पौर्णिमेपर्यंत एखाद्या दिवशी आवळीच्या झाडाखाली जायचं, झाडाची पूजा करायची आणि तिथेच सावलीत पंगत बसवायची. आमच्याकडे याला रोडग्यांची, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांची, जोड असते. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खरपूस भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण आणि वरून तुपाची धार. गोवऱ्या पुरुषांनी पेटवायच्या, रोडगे उलटवायचं कामही त्यांचंच, आणि बायकांनी त्या दिवशी झाडाखाली निवांत गप्पा मारायच्या, असा रिवाज काही घरांत आहे. तो सगळ्या घरांत यावा असं मला मनापासून वाटतं. शेत असेल, ओळखीचं संत्र्याचं बन असेल, काटोल-कळमेश्वरकडे नातेवाईक असतील, तर यंदा हा बेत कराच. वनक्षेत्रात किंवा सार्वजनिक बागेत मात्र चूल पेटवायची नाही. तिथे घरून डबा न्यायचा, पत्रावळी मोजून न्यायच्या आणि मोजून परत आणायच्या. मुलांना आवळा तोडून खायला द्या, लगेच वर पाणी प्यायला द्या आणि त्यांचे चेहरे बघा. साखर न घालता पाणी गोड कसं झालं, हे कोडं त्यांना दिवसभर पुरतं.

थंडीचं झालं. पण चैत्र लागला की आपण नागपूरकर दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून आत बसतो, आणि मुलांचं मैदान दोन-अडीच महिने बंद होतं. ४५ अंशांच्या उन्हात दुसरं करणार काय, हे खरंच आहे. पण पहाटे साडेपाच ते साडेसात ही वेळ मे महिन्यातही आपली असते. सेमिनरी हिल्सवर, जपानी उद्यानात त्या वेळी बघा, ज्येष्ठ मंडळी फिरून परत निघालेली असतात आणि मुलं मात्र घरी झोपलेली असतात. शाळेला सुटी आहे म्हणून उशिरापर्यंत झोपू देण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस त्यांना आजोबांबरोबर पाठवा. पन्हं, ताक, डोक्याला दुपट्टा आणि आठच्या आत घरी.

संध्याकाळसाठी लांब जायची गरजच नाही. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६चा. तेव्हापासून इथे वस्त्या आखताना मोकळी जागा राखली गेली, म्हणून जुन्या ले-आउटमध्ये कोपऱ्यावर एक छोटी बाग असते. त्या बागेचा झोका तुटलेला आहे का, दिवा लागतो का, फाटक किती वाजता बंद होतं, हे या आठवड्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात नागपूरची जमीन रात्री नऊनंतर कुठे निवायला लागते, आणि नेमकी त्याच वेळी फाटकं बंद होतात. एप्रिल ते जून ती रात्री साडेदहापर्यंत उघडी राहावीत, असा अर्ज शेजारच्या चार घरांच्या सह्या घेऊन आत्ताच, थंडीतच द्या, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असेल.

नमस्कार.