मावशीचा आजार आणि भाच्याची प्रोस्टेट

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून साठीचे गृहस्थ डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला कॅन्सर?" उत्तर ठरलेलं असतं: "छे, वडील, काका, आजोबा, सगळे ठणठणीत." सख्ख्या मावशीला ऐन चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे सांगायचं त्यांच्या मनातही येत नाही. बायकांचा आजार, तोही आईच्या माहेरचा! पण डॉक्टरांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. वडिलांना किंवा भावाला तिचा कॅन्सर झाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या दोन लाखांवर जुळ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. या आजाराच्या धोक्यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ५७ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. बहुतेकांच्या बाबतीत तो शेकडो बारीक बदलांत विखुरलेला असतो. लाळेतून असे बदल मोजून धोक्याचे गुण देणाऱ्या चाचण्याही निघाल्यात. मात्र त्यांचं गणित मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेलं. आपल्याकडे त्यावर डोळे झाकून विसंबू नये, असं माझं मत.

काही घराण्यांत मात्र एकच जनुक घात करतं. बीआरसीए-टू हे त्यातलं मुख्य; मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरमागेही हेच असू शकतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की शाबूत असलेल्या जोडप्रतीवरून ते बिनचूक जुळवायचं काम याचं. ते बिघडलं, की पेशी कशीबशी ठिगळं लावते, चुका साठत जातात. अशा पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर होतो, आणि झाला तर तो आक्रमक असण्याची शक्यता जास्त. एरवी हा आजार पुष्कळदा इतका संथ असतो, की नुसती नजर ठेवली तरी भागतं. इथे तो भरवसा धरता येत नाही.

२०१६ सालीच आणखी एक अभ्यास आला. कॅन्सर शरीरात पसरलेल्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्क्यांत डीएनए-दुरुस्तीचं कुठलं तरी जनुक जन्मतःच सदोष होतं. गंमत पुढेच आहे. घरात आधी प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असो वा नसो, हे प्रमाण फारसं बदलत नव्हतं. उलट सदोष जनुक असलेल्यांच्या जवळच्या नात्यात प्रोस्टेट सोडून इतर कॅन्सर जास्त आढळले.

या दोषाचा उपचारात उपयोगही होतो. ओलापॅरिब हे औषध पेशीचा दुरुस्तीचा दुसरा मार्ग अडवतं. पहिला आधीच बंद, त्यामुळे कॅन्सरची पेशी मरते. अमेरिकेत २०२० साली पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या अशा रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, की आजोळही सांगा: स्तन, अंडाशय, स्वादुपिंड, कुणाला, कितव्या वर्षी. आठवत नसेल तर मामाला फोन लावा. बीआरसीए-टूचा दोष निघालाच, तर पीएसए ही रक्ततपासणी चाळिशीपासून सुरू करण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. आणि अहवाल मुलींपासून लपवू नका. हा दोष मुलाकडे जाण्याची शक्यता जितकी, तितकीच मुलीकडे जाण्याची: निम्मी.