नाचणीची तांबडी साल

(दृश्य: डोंगरउतारावरची वरकस जमीन, पिकलेली कणसं)

कोकणात नाचणी, नाशिक-धुळ्याकडे नागली. दाणा जेमतेम दीड मिलिमीटरचा. एवढ्याशा दाण्याची साल सोलणार कशी? ती आतल्या पिठाला घट्ट चिकटलेली असते. दाणा अखंड ठेवून ती काढायला म्हैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) या संस्थेला खास तंत्र बसवावं लागलं. घरी मात्र आपण सालीसकटच दळतो, म्हणून भाकरी तांबूस-काळपट होते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दाण्याचा काप)

ही साल म्हणजे दाण्याचं बीजावरण, आणि ते पाच पदरी असतं. दाण्यातली बहुतेक फिनॉलिक संयुगं इथेच साठलेली असतात: फेरुलिक आम्ल, प्रोटोकॅटेच्युइक आम्ल, टॅनिन. रोपानं ती आपल्या मधुमेहाच्या काळजीनं बनवलेली नाहीत. बुरशी आणि किडींपासून बी राखायला बनवली आहेत. पांढऱ्या नाचणीत टॅनिन नावालाच असतं, आणि तिला बुरशीही तपकिरी वाणांपेक्षा लवकर धरते.

(दृश्य: प्रयोगशाळा, परीक्षानळ्या)

या संयुगांची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू शांत करण्याची ताकद, मोजण्याची एक नेहमीची रीत पाहा. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण गडद जांभळं असतं, कारण त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. त्यात नाचणीचा अर्क घातला की फिनॉल आपला हायड्रोजन त्याला देऊन टाकतं आणि द्रावण पिवळं पडू लागतं. जांभळा रंग जितका उतरेल तितकी क्षमता जास्त.

पाकिटावरच्या जाहिराती इथपर्यंतच सांगतात. पण पोट म्हणजे परीक्षानळी नव्हे. फेरुलिक आम्लाचा मोठा भाग पेशीभित्तिकेला बांधलेला असतो. तो सुटतो थेट मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या हातून. आणि टॅनिनची दुसरी बाजू अशी, की ते अन्नातलं लोह धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर, पंचातून गाळलं जाणारं नाचणीचं दूध)

तान्ह्या बाळासाठी सत्त्व करताना नाचणी भिजवतात, वाटतात, फडक्यातून गाळतात. वर उरलेल्या चोथ्याबरोबर साल जाते, टॅनिनही जातं. सत्त्व गोरंगोमटं दिसतं, पचायलाही हलकं. पण नाचणीचं नाव ज्यासाठी घेतात ते कॅल्शियम, 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम, तेही बरंचसं सालीतच असतं. म्हणजे चोथ्याबरोबर तेही चाललं!

मोड आणून, वाळवून, न गाळता दळलेल्या पिठाचं गणित वेगळं. मोड येताना टॅनिन आणि फायटेट (हेही लोह धरून ठेवणारं संयुग) दोन्ही कमी होतात, साल मात्र पिठातच राहते. मोठ्यांच्या भाकरीला, आंबिलीला हे पीठ चांगलं. सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर घेतली तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. उलट, भाकरीवर लगेच चहा प्यायला, तर त्यातलं टॅनिन पुन्हा लोहाच्या आड येतं.