गोळीबार थांबल्यावरचं थोकोझा

नमस्कार मंडळी. आज दक्षिण आफ्रिकेत जायचंय, पण त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवूया. आपण 'टाउनशिप' म्हणतो तेव्हा गेटवर वॉचमन, आत बाग, क्लब हाउस असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तिथे तसं नाही. वर्णद्वेषी राजवटीत काळ्या माणसाने शहरात राबायचं आणि राहायला शहराबाहेरच्या नेमून दिलेल्या वस्तीत जायचं, असा हिशेब होता. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने ही वाटणी आणखी पक्की केली. एकसारख्या चार खोल्यांची घरं, रांगेने. त्यांना नावच पडलं 'मॅचबॉक्स', काडेपेटी. सोवेटो हे नावसुद्धा 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स' या शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून झालंय.

(पडद्यावर: जोहान्सबर्ग आणि थोकोझाचा नकाशा)

आपली आजची टाउनशिप आहे थोकोझा, जोहान्सबर्गच्या आग्नेयेला. 1990 नंतरची चार वर्षं इथे अक्षरशः युद्ध चाललं होतं. एका बाजूला नेल्सन मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे समर्थक, दुसऱ्या बाजूला इंकाथा या झुलू लोकांच्या पक्षाचे, आणि मधे खुमालो स्ट्रीट. तिथले फोटो जगभर छापून आले. 18 एप्रिल 1994 ला केन ऊस्टरब्रूक हा छायाचित्रकार थोकोझातच गोळी लागून गेला. नऊ दिवसांनी देशातली पहिली सर्ववंशीय निवडणूक सुरू झाली, हिंसाचार ओसरत गेला आणि बाहेरून आलेले कॅमेरे पांगले.

पण माणसं तिथेच होती ना! त्यांचं धुणं वाळत होतं, पोरं शाळेत जात होती, रविवारी चर्च भरत होतं. त्याचे फोटो कोण काढणार?

ही तक्रार तशी जुनी. सोवेटोचे छायाचित्रकार सांतू मोफोकेंग 'आफ्रापिक्स' या छायाचित्रकारांच्या संस्थेत होते. आंदोलनाचे, दडपशाहीचे फोटो पुढे आणणारी ही मंडळी. 1986 मध्ये मोफोकेंग यांनी कामगारांच्या लोकल गाडीत कॅमेरा काढला. डब्यात लोक उभ्याउभ्या प्रार्थना करतायत, गातायत, डब्याच्या पत्र्यावर हात आपटून ताल धरतायत. वर्णद्वेषाविरुद्धची घोषणा एकही नाही. पण घर इतकं लांब का आणि रोजचा हा प्रवास का, हा प्रश्न त्या गर्दीतच आहे. मला ते फोटो फार मोठे वाटतात.

आता या 2012 सालात. थोकोझाच्या बुहलेबुझिले हायस्कूलमध्ये 'ऑफ सोल अँड जॉय' नावाचा उपक्रम सुरू झाला. शाळेतल्या पोरांना फोटोग्राफी शिकवायची, इतकंच. त्यातून पुढे आलेली दोन नावं लक्षात ठेवा: त्शेपिसो माझिबुको आणि लिंडोकुहले सोबेक्वा. दोघंही 1995 चे, म्हणजे निवडणुकीनंतर जन्मलेले. या पिढीला तिथे 'बॉर्न फ्री' म्हणतात, स्वातंत्र्यात जन्मलेले. माझिबुकोने आपल्याच वयाची थोकोझातली पोरंपोरी टिपली आणि जे मिळणार म्हणून सांगितलं होतं ते कुठाय, असं जणू त्यांच्या चेहऱ्यांवरून विचारलं. 2024 मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या फोटोग्राफी महोत्सवात या कामाला पारितोषिक मिळालं.

गल्लीतलाच फोटोग्राफर असला की दारं उघडतात, खरंय. पण ज्याचा फोटो काढला तो दुसऱ्या दिवशी दुकानात भेटतो. फोटोत मी असा का दिसतो, हे तो तोंडावर विचारू शकतो. सोबेक्वाने कोवळ्या वयात न्याओपे या स्वस्त अमली पदार्थाच्या नशेत अडकलेल्या तरुणांवर काम केलं. बाहेरचा माणूस फोटो काढून विमानात बसतो. याला त्याच रस्त्याने घरी जायचं होतं.

आणि घरात काय होतं? तो सात वर्षांचा असताना त्याची थोरली बहीण झियांडा घरातून नाहीशी झाली. बऱ्याच वर्षांनी सापडली ती आजारी अवस्थेत. काही दिवसांनी गेली. पुढे त्याच्या हाती एक जुना कुटुंबाचा फोटो लागला. सगळे आहेत, फक्त झियांडाचा चेहरा कापून काढलेला. मग ती कुठे राहिली असेल, कामगारांच्या कुठल्या हॉस्टेलात, कुठल्या खोलीत, ते शोधत तो फिरला. फोटो वहीत चिकटवले, शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या वहीचं पुस्तक झालं, आणि 2025 चा डॉइशे बोर्से फोटोग्राफी पुरस्कार त्याला मिळाला. तोवर तो मॅग्नम या छायाचित्रकारांच्या जगप्रसिद्ध संस्थेचा सदस्यही झाला होता.

पण त्या वहीत एक फोटो नाही. झियांडा घरी परतली होती तेव्हाची गोष्ट. एकदा खिडकीतून सुंदर उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. त्याने कॅमेरा उचलला. ती भडकली, फोटो काढलास तर जीव घेईन म्हणाली. त्याने कॅमेरा खाली घेतला. तो फोटो काढायला हवा होता, असं त्याला अजूनही वाटतं.