आईची सुई आणि वापाकोनेटाचं ग्रहण

नमस्कार मंडळी! कमिटीने सांगितलंय पाच मिनिटं काहीतरी हलकंफुलकं बोल, आणि जेवणाची लाईन लागायला सुरुवात झालेली मला इथून दिसतेय, त्यामुळे पाचच मिनिटं, प्रॉमिस.

८ एप्रिल २०२४चं सूर्यग्रहण आठवतंय ना? आपलं ओहायोतलं कोलंबस खग्रास पट्ट्याच्या जेमतेम बाहेर राहिलं होतं, शेजारच्या डब्लिन उपनगरातले काही जण घरच्या ड्राईव्हवेत खुर्ची टाकून बसणार आणि आपण ९९ टक्क्यांवर, म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत यायचं. म्हणून आम्ही सकाळीच वापाकोनेटाला निघालो, नील आर्मस्ट्राँगचं जन्मगाव, चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याच्या गावात चंद्राने सूर्य झाकलेला बघायचा, याहून भारी काय!

आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. सोमवती अमावस्या, त्यात ग्रहण आणि दुसऱ्या दिवशी पाडवा, तिचं आठवडाभर वेध, स्पर्श, मोक्ष असंच चाललं होतं. इथे दर्भ कुठून आणणार, मग खिडकीतल्या कुंडीतली तुळशीची पानं दह्यात, लोणच्यात, अगदी माझ्या मुलाच्या पास्त्यातसुद्धा.

आणि सोबत गोधडी, अर्धी झालेली. आजीच्या दोन सुती नऊवारी, मध्ये माझे कॉलेजचे ड्रेस, सगळा धावदोरा, कडेने सुरू करून आत आत येत जायचं. ती रोज दुपारी वीतभर शिवते. मी विचारलं होतं कंटाळा नाही येत का, तर म्हणाली, टाका घालताना टाकाच दिसतो गं, बाकी काही दिसत नाही. मी मेडिटेशनच्या ॲपला वर्षाचे पैसे भरलेत, असो.

तर आम्ही मैदानात बसलो, आईने पिशवीतून पुरणयंत्राची जाळी काढली (पाडव्याचं पुरण म्हणून ती वरच होती) आणि नातवाने ती उन्हात धरली तर गोधडीवर शंभरेक चंद्रकोरी! प्रत्येक भोकातून एकेक अर्धा खाल्लेला सूर्य. शेजारचं अमेरिकन कुटुंब बघायला आलं, त्यांना पुरणयंत्र म्हणजे काय ते सांगता सांगता माझी दमछाक झाली.

तेव्हा आईने सांगितलं. १६ फेब्रुवारी १९८०, कर्नाटकात अंकोल्याकडे खग्रास होतं, साताऱ्याला खंडग्रास, आणि मी तिच्या पोटात. ती माझ्यासाठी दुपटं शिवत होती, सासूबाईंनी हातातली सुई काढून घेतली, विळीसुद्धा लपवली आणि दुपारभर दार लावून अंधारात बसवलं. "तेव्हापासून मला बघायचं होतं," म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती! आणि बोलता बोलता तिने सुई ओवली आणि शिवायलाच लागली, भर ग्रहणात, माझ्याकडे अशी बघत की बघ, काय करतेस.

तीन वाजून नऊ-दहा मिनिटांनी अंधारलं. गारवा आला, रस्त्यावरचे दिवे लागले, सूर्याच्या जागी काळी टिकली आणि भोवती पांढरी झालर, खाली बाजूला शुक्र लखलखतोय. जवळजवळ चार मिनिटं. लोक ओरडत होते, माझा मुलगा चक्क रडला, चौदा वर्षांचा घोडा. आई नुसती उभी, दोन्ही हात मोकळे.

ऊन परत आलं आणि ती एकदम किंचाळली, "कुणी हलू नका, सुई पडलीय!"

मग आम्ही पाच जण आणि ते शेजारचे चार, सगळे गवतात ओणवे. तोवर हायवे पूर्ण जाम, घरी पोचायला रात्र झाली ती झालीच. ओहायोला पुढचं खग्रास २०९९ मध्ये आहे, पण त्या वेळी कुणालाच त्याचं पडलं नव्हतं, सगळ्यांना ती सुई हवी होती.

सापडली. आईच्याच स्वेटरला टोचलेली होती.