लाईट गेले तेव्हाची तीन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्यात माझ्या साड्या असाव्यात, अशी आईची रास्त अपेक्षा होती. आहेत पुस्तकं, आणि तीही सगळी एकाच फुटबॉल क्लबची, मँचेस्टर युनायटेडची. मी राहते नाशिकरोडला. मँचेस्टर पाहिलेलं नाही. फुटबॉलला माझा पाय लागला असेल तर तो अंगणात आलेला पोरांचा चेंडू परत मारताना. तरी कपाट भरलं. त्याला कारणीभूत आहेत लाईट.

२६ मे १९९९. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, तिची फायनल बार्सिलोनाला, समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. आपल्याकडे सामना सुरू झाला रात्री सव्वाबाराला. वडिलांची पहाटेची ड्यूटी, म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते. सहाव्याच मिनिटाला बायर्नने फ्री किकवर गोल केला आणि मग युनायटेडचं काही जमेना. नव्वद मिनिटं भरली आणि इकडे लाईट गेले. पंखा बंद, मे महिना, डास. हरले बिचारे, असं म्हणत मी झोपले.

सकाळच्या पेपरात निकाल नव्हता, पेपर आधीच छापून झाला होता. संध्याकाळी बातम्यांत कळलं, युनायटेड २-१ ने जिंकली. दोन्ही गोल शेवटच्या तीन जादा मिनिटांत! पहिला शेरिंगहॅमचा, दुसरा सोल्शायरचा. माझ्या डोक्यात एकच, की हे झालं कसं? आजच्यासारखा मोबाईल कुठे होता, काढला आणि बघितलं.

तीन-चार महिन्यांनी देवळाली कॅम्पात एका रद्दीवाल्याकडे मला उत्तर मिळालं. तिथे लष्करातल्या लोकांची बदली झाली की घरातली पुस्तकं गठ्ठ्याने रद्दीत येतात. एका गठ्ठ्यात वर लालभडक वेष्टनाचं क्लबचं वार्षिक होतं. दुकानदाराने ते तागडीत टाकलं, म्हणाला, "ताई, कागद जाड आहे, वजन भरेल." भरलंही. त्या वार्षिकात फायनलवर आठ पानं होती. बेकहॅमचा कॉर्नर, आपला गोल मोकळा टाकून पुढे धावलेला गोलकीपर श्मायकेल, गिग्जचा फसलेला फटका आणि त्याला पाय लावणारा शेरिंगहॅम. मग पुन्हा बेकहॅमचाच कॉर्नर, शेरिंगहॅमचं डोकं आणि सोल्शायरचा पाय. मी ती पानं रिक्षातच वाचून काढली.

पण एकाने समाधान होत नाही. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर तासभर वाकून शोधायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. खेळाडूंची आत्मचरित्रं, मॅनेजर फर्ग्युसनची दोन, जुनी वार्षिकं. जो तो तीच तीन मिनिटं सांगतो, पण प्रत्येकाची वेगळी. माझं सर्वात आवडतं पात्र मात्र खेळाडू नाही. युरोपीय फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन शेवटच्या मिनिटांत बायर्नला कप द्यायला म्हणून जागेवरून उठले. खाली पोहोचेपर्यंत दोन्ही गोल होऊन गेलेले. जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत, हे काय चाललंय, असं त्यांना वाटलं. म्हणजे प्रत्यक्ष मैदानात असूनही त्यांचे लाईट गेलेच होते!

वडिलांनी या कपाटाकडे ढुंकून पाहिलं नाही, एक दिवस सोडून. वडील इगतपुरीला रेल्वेत होते, सी अँड डब्ल्यू खात्यात. म्हणजे डबे आणि वाघिणींची देखभाल. मी त्यांना वाचून दाखवलं, की हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावाने सुरू झाला आणि सुरू केला तो लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागातल्या कामगारांनी. चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे आपलेच की." पुढे १९०२ मध्ये क्लब कर्जात बुडाला. तेव्हा कप्तानाचा हरवलेला कुत्रा एका बिअरवाल्या शेठला सापडला आणि त्या ओळखीतून त्याने क्लब वाचवला, अशी कथा सांगतात. ती खरी किती, देव जाणे. वडिलांना ती फार आवडली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना एका बैठकीत वाचून दाखवू शकले नाही. ६ फेब्रुवारी १९५८. युनायटेडच्या संघाला घेऊन बेलग्रेडहून परतताना तेल भरायला म्युनिकला थांबलेलं विमान तिसऱ्या प्रयत्नातही उडालं नाही आणि धावपट्टीबाहेर जाऊन आदळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय, की पंखांवरचं बर्फ काढलं नव्हतं, चूक पायलटची. नंतरच्या पुस्तकात वेगळंच. धावपट्टीवर पाणी आणि बर्फाचा राडा साचला होता, त्यात चाकं रुतल्यासारखी झाली आणि वेग पडला. पायलट जेम्स थेन यांची नोकरी गेली होती. निर्दोष ठरायला १९६९ उजाडलं आणि १९७५ मध्ये ते वारले. म्हणून मी जुनं पुस्तक टाकून दिलेलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलीत.

आणि त्यांतल्याच एका पुस्तकात एका कागदाचा फोटो आहे. अपघातानंतर १३ दिवसांनी शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध सामना झाला. कार्यक्रमपत्रिका छापायची वेळ आली तेव्हा संघात कोण खेळणार, हेच ठरलेलं नव्हतं. शेफिल्डची ११ नावं व्यवस्थित छापलेली आणि युनायटेडच्या बाजूला अकरा रिकाम्या जागा. वडिलांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याने मोबाईलवर ती तीन मिनिटं दाखवली. "आत्या, घे, बघ एकदाची." बघितली. आणि चक्क चकले! इतकी वर्षं माझ्या डोक्यात बेकहॅम उजव्या कोपऱ्यातून कॉर्नर घेत होता. प्रत्यक्षात दोन्ही कॉर्नर डावीकडचे. वीसेक पुस्तकं वाचली, पण बाजू मी कुठेच नीट लक्षात घेतली नव्हती. खरं सांगू? आजही पुस्तक उघडलं की बेकहॅम उजवीकडेच उभा असतो.

पावसाळ्यात या कपाटाचं फार करावं लागतं. नाशिकचा पाऊस इगतपुरीसारखा नाही, पण ओल येतेच. डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, दसऱ्याला ऊन. उन्हात मांडलेली पुस्तकं बघून शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, "परीक्षा आहे का कोणाची?"

गेल्या महिन्यात देवळालीच्या रद्दीवाल्याचा फोन आला. आता त्याचा मुलगा दुकान बघतो. "ताई, तुमच्या लाल टीमचं आलंय, बाजूला ठेवलंय." धावत गेले. पुस्तक लालच होतं, पण लिव्हरपूलचं, युनायटेडच्या जुन्या वैऱ्याचं! युनायटेडवाल्याच्या घरात लिव्हरपूल म्हणजे काय, हे त्या पोराला कसं समजावणार? परत देणार होते. उगाच चाळलं, तर एका जुन्या संघाच्या फोटोत ओळखीचा चेहरा. मॅट बझ्बी. म्युनिकच्या अपघातातून वाचलेले, संघ पुन्हा उभा करून १९६८ मध्ये युरोपियन कप आणणारे आमचे मॅनेजर. खेळाडू म्हणून ते आधी मँचेस्टर सिटीत आणि मग लिव्हरपूलमध्येच होते.

घेतलं. कपाटात ठेवलंय, पण खालच्या कप्प्यात, आणि पाठ भिंतीकडे करून.

नमस्कार.